आजोबा 'बेड' म्हणायचे

मित्रांनो, घरापासून लई लांब, सोलापुरात एका वृद्धाश्रमात कामाला आहे. तपासणी येणार म्हणून आज नर्सताई आम्हाला शिकवत होत्या, म्हाताऱ्या माणसाला कसं उचलायचं.

अक्कलकोटकडचे आजोबा खुर्चीत होते. फारसं बोलत नाहीत. मी जवळ गेलो तसे म्हणाले, "बेड, बेड." मी नेहमीसारखं उचलून बेडवर झोपवलं आणि कठडा लावला.

ताई म्हणाल्या, "आरं, थांब की. कानडीत बेड म्हंजे नको. ते नको म्हणत्यात."

म्हणजे इतके महिने ते नको म्हणायचे आणि मी कोंडायचो.

कठडा काढला. त्यांना खिडकीशी बसवलं.

मलाही इथं नको झालंय. फोनवर तेच सांगतो, तर आई विचारते, "जेवलास का?"

तुमचं 'नको' घरी कुणाला कळतं का?