बोटभर आखूड

तापल्या लोखंडावर पाणी ओतल्याचा वास आला की साठ सालच्या सुमाराचं बोरी अरबचं आमचं अंगण आठवतं. शाळा सुटून सात वर्षं झाली होती आणि मी मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी प्रवेश परीक्षेचं गणित घोकत होतो. परीघ डोक्यात शिरेना, तेव्हा बैलगाडीची चाकं करणाऱ्या बाबांनी चाकाभोवती दोरी फिरवून तो समजावला. परीक्षेत नेमकी चाकाच्या लोखंडी धावेची लांबी विचारली. मी परीघ काढून घरच्या रीतीनं बोटभर कमी केला, कारण आखूड धावच तापवून चढवली की चाकाला आवळून बसते. तेवढ्यानं नापास झालो. बाबा म्हणाले, “काहून? बराबर तं लेहलं तुनं. पुऱ्या मापाची धाव चार दिसात निंघून पडते.” पुढल्या वर्षी तसंच गणित आलं. मी पूर्ण परीघ लिहिला आणि पास झालो. कसा, ते बाबांना मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.