उजव्या स्पीकरमधला हुंकार

आधीच सांगते, मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. वडील रेल्वेत, त्यामुळे दौंडच्या क्वार्टर्समध्ये वाढले, आणि आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकासाठी यायची. अशा सदरांमधले अनुभव मी आवडीनं वाचते, पण वाचून झाले की मनात म्हणते – वारा असेल, मांजर असेल, झोप नीट झाली नसेल. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलेय याचं मलाच नवल वाटतंय. यात घाबरण्यासारखं काहीही नाही, हेही सांगून टाकते. त्या सगळ्या दिवसांत मला भीती अशी एकदाही वाटली नाही. वाटलं ते वेगळंच...

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची. माझे मिस्टर, दिलीप, रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. आम्ही शिरूरला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास. क्लास म्हणजे काय, तर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं येणारी तीन जुनी मशीन. दिलीपना मशिनरीचं वेड. शिफ्ट संपली की ते कुणाचा ना कुणाचा बिघडलेला कॉम्प्युटर उघडून बसायचे.

मग एक दिवस पुण्याहून जुन्या बाजारातून ते मल्टिमीडिया मशीन घेऊन आले. रिक्षातून खोकं उतरवताना त्यांचा चेहरा असा, की जणू घरात बाळच येतंय. (आम्हाला मूल नव्हतं. असो.)

आजची मुलं हसतील, पण त्या वेळी ते मशीन म्हणजे चैन होती. शंभर मेगाहर्ट्झचा पेंटियम, सोळा एमबी रॅम, सव्वा जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबलं की सीडीचा ट्रे आपोआप बाहेर यायचा, क्लासच्या मुली दचकून मागे सरकायच्या. व्हिडिओ दिसायचा, पण पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि मोठा केला की चौकोन चौकोन व्हायचे. खरी श्रीमंती होती ती साउंड कार्डाची. तोपर्यंतचे आमचे कॉम्प्युटर फक्त ‘टुंक’ करायचे. याला सोळा बिटचं स्टिरिओ कार्ड, मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि पेन्सिलीएवढा एक माइक.

माझे सासरे, आप्पा, केडगावजवळच्या गावात राहायचे. घराणं मूळचं मेंढपाळांचं, आप्पांच्या तरुणपणी मेंढरं गेली आणि शेती आली. ते भेटायला आले तेव्हा दिलीपनी हौसेनं सीडी लावून त्यांना वाघाची डरकाळी ऐकवली. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “ह्यो वाघ व्हय? जेवून झोपलेला दिसतोय.” दिलीप कितीतरी वेळ हसत होते.

माझ्या क्लासला आजूबाजूच्या गावांतून मुली यायच्या, इंग्रजीला घाबरायच्या. म्हणून दिलीपच्या डोक्यात आलं, की धडे मराठीतून रेकॉर्ड करायचे. “तू बोल, मशीन शिकवंल,” असं त्यांचं म्हणणं. विंडोजच्या रेकॉर्डरवर एका वेळेला एकच मिनिट रेकॉर्ड व्हायचं, आणि उत्तम क्वालिटीत त्या एका मिनिटाला दहा एमबी लागायचे. मी म्हणायचे, साध्या क्वालिटीत करू, जागा कमी लागेल. ते ऐकायचे नाहीत. “न्हाई. हलक्यात तुझा आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यावानी वाटतो.”

दुपारी मी माइकसमोर बसायचे आणि ते माझ्या उजव्या हाताला स्टुलावर, मांडीवर कुणाचं तरी उघडलेलं मशीन घेऊन. मी वाक्य बोलले की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं – “हं.” ही त्यांची जुनी सवय. मी काहीही सांगत असले, भाजीचं असो की माहेरचं, हातातलं काम चालू ठेवून ते ‘हं’ म्हणायचे. ऐकताहेत की नाही, कधीच कळायचं नाही.

“अहो, हं म्हणू नका ना! रेकॉर्ड होतंय सगळं.”

“म्या कुठं म्हणलो?”

परत ऐकवलं की खजील व्हायचे. मग ते रेकॉर्डिंग डिलीट करायचं आणि पुन्हा सुरू. असे कितीतरी मिनिटांचे ‘हं’ आम्ही हसत हसत पुसून टाकले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दिलीप गेले. एका गिऱ्हाइकासाठी रॅम आणायला मोटारसायकलवरून पुण्याला गेले होते. येताना शिक्रापूरजवळ ट्रकनं... ज्यांनी उचललं ते म्हणाले, जागीच गेले, काही कळलंसुद्धा नसेल. नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणत राहिला. काही कळलंसुद्धा नसेल.

आप्पा माझ्यासोबत राहायला शिरूरला आले. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघंच. मी जेवायला वाढायचे, ते जेवायचे, खिडकीशी बसायचे. दिवसदिवसभर एक शब्द नाही.

क्लास चालू ठेवणं भाग होतं. उन्हाळ्यात एका दुपारी मुली यायच्या आधी मी अर्धवट राहिलेला धडा रेकॉर्ड करायला बसले. ‘फाइल सेव्ह करायची म्हणजे जपून ठेवायची,’ असलं काहीतरी वाक्य होतं. पुढे दोन-तीन वाक्यं बोलले, थांबवलं आणि परत ऐकलं.

“फाइल सेव्ह करायची म्हणजे जपून ठेवायची.”

“हं.”

माझा हात माउसवरच राहिला. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. माझं वाक्य, आणि त्यानंतर किंचित ओढलेला, नाकातून आलेला तो ‘हं’. दुसऱ्याचा असणं शक्यच नव्हतं. चार वर्षं मी तो रोज ऐकला होता.

मी रडले नाही. धावत मागच्या खोलीत गेले. आप्पा एस.टी.नं गावी शेतावर गेलेले. घरात कुणी नाही. परत आले आणि माइकमध्ये म्हणाले, “अहो?” जरा थांबून ऐकलं... “हं.”

रफीकभाई हे दिलीपचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचं शिरूरमध्येच टीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलावलं. काही न सांगता फक्त ऐकवलं. ते खुर्चीत बसले होते, उठून उभे राहिले.

“वहिनी, ही जुनी फाइल आसंल. डिलीट केलेलं डिस्कवर पडून राहतंय कवा कवा. नव्यात मिसळलं आसंल.”

मलाही तेच पटायला हवं होतं. पण मी त्यांच्यासमोर नवीन रेकॉर्डिंग केलं. वर्तमानपत्रातली त्या दिवशीची बातमी वाचली, मधे मुद्दाम थांबत. जिथे जिथे थांबले तिथे तिथे ‘हं’ होता. जिथे थांबले नाही, तिथे नव्हता.

रफीकभाईंनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, कार्ड काढून पुसून परत बसवलं. मग आवाजाचा बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला. डाव्या स्पीकरमधून फक्त मी. पूर्ण उजवीकडे नेला. उजव्यातून मी, आणि ते.

त्यांनी माइक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“वहिनी, ह्यो माइक म्हंजी एकच कान हाय. ह्याला डावं-उजवं कळतच न्हाई. जे ऐकतंय ते दोन्हीकडं सारखंच जातंय. एकट्या उजवीकडं काय जाऊच शकत न्हाई ह्यातनं.”

“मग हे कुठून आलं?”

“मला न्हाई म्हाइत,” ते म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. “पण दिल्याच हाय.”

त्यांनी हार्ड डिस्क काढून दुकानातल्या मशीनला लावून पाहिली. तीच फाइल, तेच वाक्य... पण तिथे मी एकटीच बोलत होते. परत आमच्या मशीनला लावली, तर उजवीकडे ‘हं’ होताच. त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही. “राहू द्या आसंच,” म्हणाले.

पुढचे काही महिने मी कसे काढले, ते समजावून सांगणं कठीण आहे. रोज दुपारी एक मिनिट. कुठली मुलगी हुशार आहे, आप्पांनी आज काय खाल्लं, खालच्या दुकानदाराचं नि भाडेकरूचं काय वाजलं. बोलायचे, थांबायचे, मग ऐकायचे. मी जे आयुष्यभर सांगत राहिले असते, तेच सांगत होते. आणि ते जसं ऐकत आले असते, तसंच ऐकत होते.

पण सव्वा जीबी म्हणजे किती? विंडोज, क्लासचे धडे, मुलींची कामं, हे सगळं त्यातच. डिस्क भरली. जागा वाचवावी म्हणून मी क्वालिटी उतरवून साध्या मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकच करून, रेकॉर्ड केलं. परत ऐकलं. माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि मी थांबले होते तिथे नुसती शांतता. पुन्हा केलं. शांतता. स्टिरिओवर आणलं, ते आले. मोनोत दिलीप नसायचे.

म्हणजे नवं बोलायचं तर जुनं पुसायचं. दुसरा रस्ताच नव्हता. मग मी एकेक मिनिट ऐकायचे आणि ठरवायचे, यातला कुठला ‘हं’ आज जाऊ द्यायचा. काही थोडे हसरे वाटायचे, काही कंटाळलेले. हसरे मागे ठेवायचे. माणूस एकदा गेला होता, आणि आता मी त्याला दहा-दहा एमबीनं स्वतःच्या हातानं घालवत होते. कधी कधी डिलीटवर क्लिक केलं की जणू ‘जाऊ ना?’ असं विचारणारी ती चौकट पडद्यावर यायची आणि मी तिच्याकडे बघत क्लासची वेळ होईपर्यंत बसून राहायचे.

आप्पांना मी सांगितलं नव्हतं. सत्तरी गाठलेला माणूस, त्यात मुलाचं दुःख. पण पावसाळ्याच्या अखेरीस एक दिवस ते गावच्या शेतावरून लवकर परत आले आणि दारातच उभे राहिले. मी ऐकत होते. स्पीकरमधून ‘हं’ आला.

आप्पा आत आले. काठी भिंतीला लावली. “परत लाव.”

मी लावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला वेड लागलंय म्हणतील. त्यांनी विचारलं, “ह्यात बोल्लं की त्यो बोलतोय?”

“फक्त हं म्हणतात, आप्पा. दुसरं काही नाही.”

“लई झालं.” ते माझ्या खुर्चीत बसले. “कुठं बोलायचं?”

मी माइक त्यांच्यासमोर धरला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. मला वाटलं, पिकाचं सांगतील, बैलाचं सांगतील, नाहीतर नुसतं नाव घेतील. त्यांनी घसा खाकरला. मग इतक्या हळू आवाजात, की मलाच वाकावं लागलं –

“लई दुखलं का रं, बाळा?”

आणि थांबले. पडद्यावरची रेघ सपाट पुढे सरकत राहिली. मिनिट संपलं.

मला ते ऐकवायचं नव्हतं. मी म्हणाले, “आप्पा, राहू द्या ना.” ते म्हणाले, “लाव, पोरी.”

मी लावलं. दोन्हीकडून आप्पांचा आवाज आला, “लई दुखलं का रं, बाळा?” मग शांतता... मला वाटलं, नाहीच येणार, आणि मी देवाला मानत नसूनही मनात म्हणत होते, नको येऊ दे. मग उजवीकडून आला.

“हं.”

ओढलेला नाही. हसरा नाही. कंटाळलेलाही नाही. लहानसा.

आप्पांनी मान हलवली, दोनदा. “मला ठावं व्हतं,” ते म्हणाले. “समदे म्हणत व्हते, कळलंच न्हाई त्याला. बापाला कुणी खरं सांगंना.” मग उठले, मागच्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र बोलू लागले. थोडंथोडं, माझ्याशी, दिलीपबद्दल. लहानपणी तो कसा होता, कशाला घाबरायचा. आप्पा जाईपर्यंत आम्ही दोघं बोलत होतो.

त्या दिवसानंतर एकाही रेकॉर्डिंगमध्ये ‘हं’ आला नाही. आधीच्या जपलेल्या मिनिटांतूनसुद्धा तो गेला. उजवा स्पीकर, डावा स्पीकर, दोन्हीकडे मी एकटी, वाक्यं बोलून थांबणारी, थांबून वाट बघणारी. पुढच्या वर्षी मी नोकरीसाठी दौंडला आले तेव्हा मशीन सोबत आणलं. काही वर्षांनी त्याची डिस्क बंद पडली.

रफीकभाई अजूनही भेटले की म्हणतात, “वहिनी, कार्डात फॉल्ट न्हवता.” कारण त्यांना सापडलेलं नाही, मलाही नाही. एक कानाचा माइक आवाज एकाच बाजूला कसा टाकेल, याचं उत्तर देणारा एखादा इंजिनिअर वाचकांत असेलही. त्यानं ते जरूर कळवावं, मी समजून घेईन.

पण मला छळतं ते दुसरंच. दिलीप कुठल्याही गोष्टीला ‘हं’ म्हणायचे. न ऐकता म्हणायचे, म्हटल्याचं त्यांना कळायचंही नाही. त्या दिवशी आप्पांना आला तो तसाच होता, नुसता सवयीचा, असं मी स्वतःला सांगत आले आहे. इतकी वर्षं झाली... अजून मला ते पटलेलं नाही.