ग्रहणात न चिरलेलं कोहळं

तुमचा फोन आल्यावर ठरवलं, हे एकदा क्रमानं लिहून काढावं. तुमच्याकडे बाळ येणार आहे आणि तिकडची डॉक्टर विचारते आहे की तुमच्या आईचा ओठ जन्मतः दुभंगलेला का होता. तुम्ही आईला विचारलंत, तर ती म्हणाली, "आजीनं ग्रहणात भाजी चिरली होती." हसून म्हणाली असेल. मला हसू आलं नाही.

मी भाजी चिरली नव्हती. पन्नासच्या दशकाची सुरुवात होती. ग्रहण लागलं तेव्हा मी अकोल्याला, जुन्या शहरात, माहेरी पहिल्या बाळंतपणाला आलेली होते. आईनं मला खोलीत बसवलं, खिडकीला गोधडी लावली आणि ग्रहण सुटेपर्यंत हलायचं नाही म्हणून बजावलं. मी बी. ए. झालेली, माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. तरी बसले. पायाला आलेल्या मुंग्या अजून आठवतात.

मुलगी झाली. पाचवीला सासूबाई अमरावतीहून आल्या, बाळाचं तोंड पाहिलं आणि तिथंच म्हणाल्या, "ग्रहणात काही चिरलं असन हिनं. शिकलेल्या बाईले कोण सांगते!"

तेव्हा नुसतं "असन" होतं. मी अमरावतीला परतले तोवर ते नक्की झालं होतं. पुढं त्यात वांगी आली, वांग्यांचं कोहळं झालं. मुलगी शाळेत जायला लागली तोवर तर मी ते सासूबाईंच्याच स्वयंपाकघरात, त्या नको नको म्हणत असताना चिरलं होतं. मी त्या दिवशी त्या गावातही नव्हते.

आईला म्हटलं, तू एकटी साक्षीदार आहेस, सांग त्यांना. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चिरलं असन माय. आता कावून भांडून राहिली? तुले तिथंच नांदायचं हाये."

मग आजेसासूबाई वारल्या. मामंजींनी रीतीप्रमाणे डोकं आणि मिशा उतरवल्या. त्या दाट मिशांखालचा ओठ मी तोवर पाहिलाच नव्हता. नाकाखाली खाच होती. लहान, पण माझ्या मुलीसारखीच. मी सासूबाईंकडे पाहिलं. मला ती दिसली, हे त्यांना कळलं. "आंघोळीले पाणी ठेव," एवढंच म्हणाल्या. मिशा पुन्हा वाढल्या.

साठचं दशक सरताना अंजनगाव सुर्जीहून माणसं तुमच्या आईला पाहायला आली. ओठाला टाके घातले होते, पण खूण राहिली होती. मुलाच्या आईनं सरळ विचारलं, "घराण्यात हाये का कोणाले असं?"

मामंजी मिशीवरून हात फिरवत छताकडे पाहू लागले.

"नाही ओ बाई!" सासूबाई म्हणाल्या. "हिनं ग्रहणात कोहळं चिरलं. विचारा हिले."

सगळे माझ्याकडे वळले. तुमची आई पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. खरं बोलले असते तर ती माणसं बशीला हात न लावता उठली असती.

"हो," मी म्हटलं. "चिरलं होतं."

"मंग काही नाही," ती बाई म्हणाली. "पुढच्या लेकरायले तरास नाही." आणि मग, "आख्खं कोहळं? एकटीनं?" सगळे हसले. मामंजीही हसले. लग्न ठरलं.

तुमच्या फोननंतर मी तुमच्या आईला फोन केला. म्हटलं, मी अकोल्याला होते गं. आजोबांचा ओठ आठव.

"आई, तूच तर सगळ्यांसमोर सांगितलं होतंस," ती म्हणाली. "वय झालं तुझं. विसरतेस."

डॉक्टरला सांगा, आईच्या आजोबांना होतं. आईला विचारून खात्री करून घेऊ नका.