सोमवारचं गाऱ्हाणं

दारूबंदी होती, म्हणजे कागदोपत्री मालवणात कोणी पीतच नव्हतं. मग दारू सोडणारे कुठे जमतात, हे विचारायचं तरी कोणाला? आडून आडून चौकशी करत एका सोमवारी संध्याकाळी मी ते जमायचे त्या देवळात पोचलो.

सात-आठ बाप्ये सभामंडपात बसले होते. एकेकाने उठून आपल्या दारूचं गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, अशी तिथली रीत होती.

साठीचा एक गृहस्थ माझ्या शेजारी आला. पाहुण्यासाठी झाडावी तशी त्याने पंच्याने जागा झाडली आणि मग तिथे स्वतःच बसला. त्याचं गाऱ्हाणं सगळ्यांत मोठ्या आवाजात होतं. “बा देवा म्हाराजा, माझ्या मागची दारू दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मीही म्हणालो.

पायऱ्या उतरताना मी त्याला विचारलं, “सांजचे हात कापतत, तेका काय करतास?”

तो ओशाळला. “माका काय म्हायत? मी कधी तोंडाक लावूक नाय. झील पिता माझो. तो हंय येणा नाय, म्हणान त्येच्या जाग्यार मी बसतंय.”

मग आपण बापासाठी ‘व्हय’ म्हणालो की त्याच्या मुलासाठी, याचाच मी विचार करत राहिलो.

“तुझो बापूस खंय आसा?” त्याने विचारलं.

“घराकडे.”

“नशीबवान तो. त्येचो झील सोता हंय येता,” म्हणत त्याने पंचा खांद्यावर टाकला आणि तो निघून गेला.

माझे वडील कधीच वारले होते. ते घरी आहेत असं मी का सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.