कॉइलचं युनिट बंद पडलं, त्याचं खरं कारण

मालकांनी परत आलेली कॉइल माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "ओढ."

मी चिमट्याने तारेचं टोक धरलं आणि हलकेच ओढलं. तार पिनेपासून सुटून चिमट्यात आली. दुसरी कॉइल घेतली, तेच. कंपनीने अख्खा लॉट रिजेक्ट केला होता.

"बघ तुझ्या बायांचं काम," मालक म्हणाले.

केजच्या रस्त्याला, युसूफ वडगावच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये आमचं युनिट होतं. खेड्यापाड्यांत रंगीत टीव्ही येऊ लागले होते. त्यात बसणाऱ्या लहान कॉइल आम्ही पुण्याच्या एका कंपनीला करून द्यायचो. हरभऱ्याएवढ्या गाभ्यावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची आणि तिची दोन टोकं पिनांना सोल्डर करायची. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं वितळवून दिलेला जोड. मी तिथे सुपरवायझर होतो.

ते युनिट का बंद पडलं, याची एक गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. परवा एका लग्नाच्या पंगतीत मी ती पुन्हा ऐकली. बाया ऊसतोडीहून आल्या, कोयत्याने हात जड झालेले, त्यांना नाजूक काम जमेना, म्हणून युनिट बसलं. हे साफ खोटं आहे. मला खरं माहीत होतं आणि इतकी वर्षं मी ते खोटं चालू दिलं.

लॉट परत आला तेव्हा निम्म्या बाया नुकत्याच ऊसतोडीहून आल्या होत्या. तळहाताला घट्टे होते, बोटांना चिरा होत्या. मालकांचं म्हणणं मलाही आधी पटलं. तरी खात्री करायला मी सोजरला बोलावलं. सोजर आमच्यातली चलाख बाई. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता मोजतात. पुढच्या वर्षी तोडीला येणार नाही, असं तिने नवऱ्याला आधीच सांगून टाकलं होतं.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं होतं.

"म्हणला, मग मी काय करू. मी म्हणलं, दुसरी बायको बघ म्हणत न्हाई, दुसरा कोयता बघ."

शेडमधल्या बाया हसून लोळल्या होत्या. पण तिचा तो हट्ट या पगारावर उभा होता. काम गेलं की कोयता ठरलेला.

मी एक साधा प्रयोग केला. माझ्या हाताला घट्टे नव्हते. मी स्वतः बसून जोड दिले, शिकवलं तसे, सावकाश. ओढून पाहिले. सुटले. मग कपाटात जुन्या रिळाची थोडी तार उरली होती, ती सोजरला दिली. तिने त्याच चिरलेल्या बोटांनी जोड दिले. मी तार ओढली, ती मधोमध तुटली, पण जोड हलला नाही.

प्रश्न तारेचा होता. अशा तारेवर इनॅमलचा, म्हणजे वार्निशासारखा, थर असतो. आमच्या जुन्या तारेचा थर सोल्डरिंगच्या उष्णतेने जळून जायचा आणि कथील तांब्याला धरायचं. नव्या तारेचा थर तेवढ्या उष्णतेला दाद देत नव्हता. ती आधी ब्लेडने खरवडावी लागते. न खरवडता कथील वरच्या वर बसतं. दिसायला जोड छान, आत पकड नाही.

मी मालकांना विचारलं, तार बदलली का. त्यांनी लपवलं नाही. ही स्वस्त पडते म्हणाले. कंपनीने पास केलेला माल न कळवता बदलला हे उघड झालं तर कॉन्ट्रॅक्ट जाईल, म्हणून आपण दोष ऊसतोडीच्या बायांच्या हातांवर टाकू आणि त्यांना काढून टाकतो असं सांगू. कंपनीला ते लगेच पटेल, बाकीचं युनिट वाचेल.

"आणि त्या बाया?"

"त्या जातील परत उसाला. त्यांना सवय असते."

 ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

कंपनीचे इंजिनिअर पाहणीला आले. मालकांनी बायांना ओळीने उभं केलं आणि हात दाखवायला सांगितलं. बाया एकेक करून तळहात पुढे करत होत्या, साहेब मान डोलवत होते. सोजरची पाळी आली. तिने मूठ उघडली नाही.

"जोड बघाया आलाव का हात?" ती म्हणाली.

मालक तिच्यावर ओरडले. तेवढ्यात मी नव्या तारेचं रीळ आणि मी जोड दिलेल्या कॉइल उचलून साहेबांसमोर ठेवल्या.

"तार बदललीय, साहेब. हे जोड मी दिलेत. माझ्या हाताला घट्टे नाहीत. ओढा."

त्यांनी ओढली. तार हातात आली. त्यांनी मालकांकडे पाहिलं, चहा अर्धा ठेवला आणि गेले.

कॉन्ट्रॅक्ट गेलं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मालकांनी शेडला कुलूप लावताना एवढंच विचारलं, "खरं बोललास. आता यांना काम तू देणार का?" ज्या बायांना कुणी काढणार नव्हतं, त्यांचंही गेलं. त्यांतली एक मला बाजारात दिसली की तोंड फिरवायची. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

सोजर घरी आली. मला वाटलं, आभार मानेल.

"भाऊ, आमाला न इचारता कावून बोललाव?"

"गप्प बसलो असतो तर तुला काढलं असतं."

"ते माहीत हाय. पर भाकर आमची हुती. गप बसायचं का बोलायचं, ते आमी ठरिवलं असतं. मी तर बोलाच म्हणले असते. पर इचाराया पायजे हुतं." दारातून वळून म्हणाली, "आता एक करा. कुणी पुसलं तर नीट सांगा. आमचे हात कच्चे हुते म्हणून न्हाई."

दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर उसाला गेली.

मी नीट सांगितलं नाही. मालकांनी हाताची गोष्ट पसरवली आणि मी ती पसरू दिली. खरं सांगितलं असतं, तर युनिट माझ्या बोलण्याने बंद पडलं हेही सांगावं लागलं असतं. तेवढा दम माझ्यात नव्हता.

आता आहे. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे. माल खराब निघाला की आधी कच्चा माल तपासावा, गरिबाचे हात नंतर. ते युनिट स्वस्त तारेमुळे आणि माझ्या तोंडामुळे बंद पडलं. तीच वेळ परत आली तर मी परत बोलेन. फक्त आधी बायांना विचारेन.