पंचमध्ये पाणी कुणी ओतायचं

पंच म्हणजे काय, हे मी वर्गात हात वर करून विचारलं आणि तिथूनच सगळा वैताग सुरू झाला.

नाताळच्या सुट्टीआधी आमच्या इंग्रजीच्या बाई वर्गाला छोटी मेजवानी द्यायच्या. बाई सिकंदराबादच्या, ख्रिस्ती. केक त्या घरून आणणार होत्या आणि पंच मुलींनी करायचं होतं. बाकीच्या मुलींनी माना डोलावल्या. मला वाटलं, कळलं नाही तर विचारावं. घरी विचारायची सोय नव्हती. आमच्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. बाई हसल्या नाहीत. संत्र्या-मोसंब्यांचा रस, लिंबू, थोडं आलं, साखर, भरपूर थंड पाणी आणि वरून डाळिंबाचे दाणे, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "विचारलंस ना? आता तूच कर."

माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. संध्याकाळी त्यांना हे सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "करनार कुनाच्या घरी?"

"मैत्रिणीच्या. बरकतपुऱ्यात. तिथून कॉलेज जवळ पडतं."

वर्षभरापूर्वीच आम्ही बौद्ध झालो होतो आणि तेव्हापासून दादा साध्या गोष्टीतसुद्धा काहीतरी शोधायचे, असं मला वाटे. "फळं सोलाया कुनीबी बोलावतं," ते म्हणाले. "पानी तू सोता वत."

"दादा, ते सरबत आहे. सत्याग्रह नाही."

"हौ, सरबतच हाय. म्हनून तर म्हनतो."

मला त्यांचा राग आला. खरं तर माझ्या मनातलंच त्यांनी बोलून दाखवलं होतं, म्हणून जास्त आला.

ती मैत्रीण आणि मी कॉलेजात एकाच बाकावर बसायचो. तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या मुलींच्या गर्दीत आम्ही दोघी मराठीत कुजबुजायचो. तिचं घराणं निजामाच्या काळापासून सरकारी नोकरीतलं. नवी राज्यं झाली, नोकऱ्यांच्या वाटण्या झाल्या, आणि तिच्या वडिलांची नोकरी मुंबई राज्याकडे गेली. जानेवारीत ते सगळे औरंगाबादला जाणार होते. आमची पुस्तकं एक होती, पेन एक होतं, केसांच्या पिनासुद्धा. पण तिच्या घरी मी गेले की तहान नाही म्हणून सांगायची, आणि ती आमच्या घरी कधी आलीच नव्हती. तिनं जायच्या आधी एकदा माझ्या हातचं प्यावं, पाण्यासकट, एवढंच मला हवं होतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती लगेच हो म्हणाली असती आणि मग त्यात काही उरलं नसतं.

मेजवानीच्या दिवशी सकाळी मी फळांची पिशवी घेऊन बरकतपुऱ्यात पोचले. घरात तिची आत्या होती. सोवळ्यातली, पण बोलायला फार गोड. "ये गं बाळ. केवढं ओझं आणलंस! बस, ओसरीवर ऊन छान आहे."

आत्यांनी मला चटई दिली, टोपली दिली, सुरी दिली. एक कल्हई केलेलं मोठं पातेलंही बाहेर आणून ठेवलं. मी संत्री सोलत होते, मैत्रीण पिळत होती. आत्या दारात बसून माझ्या अभ्यासाची चौकशी करत होत्या. सगळं इतकं चांगलं चाललं होतं की मला दादांची कीव आली. रस झाला, लिंबू पिळलं, आलं किसून घातलं, आणलेली सगळी साखर घातली. मग मी उठले आणि म्हटलं, "आता पाणी. हंडा कुठे आहे?"

"थांब, थांब," आत्या म्हणाल्या.

मैत्रिणीनं मान खाली घातली. "आत्या, असू दे ना गं."

"मी काही म्हणतेय का? मी काहीच म्हणत नाही. पण पाणी कशाला हवं मी म्हणते. दूध घाला. आत्ताच गवळ्यानं दिलंय. दुधाला आणि फळाला काही नसतं, मग कुणीही ओता, कुणीही ढवळा. ही ढवळेल की!" आणि त्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं, जणू माझी मोठी अडचण त्यांनी सोडवली होती.

"आत्या, यात लिंबू आहे," मी म्हटलं. "दूध फाटेल."

"शिकरण फाटतं का कधी?"

"शिकरणात केळं असतं."

"फळ ते फळ."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "हौलेपणा नको करू, वेडे. त्या एवढ्या कबूल झाल्यात तर घालू दूध. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो! जिला इंग्रजीत पहिला नंबर मिळायचा तिला लिंबू आणि दूध एकत्र केल्यावर काय होतं हे कळत नव्हतं, यावर माझा विश्वास बसला नाही. पण मोठ्या माणसांपुढे माझा आवाज तेव्हा पहिल्या वाक्यानंतर बसायचा. आत्यांनी दूध आणून दिलं. मी ते स्वतः ओतलं, स्वतः ढवळलं. आधी बारीक कण दिसले, मग गुठळ्या झाल्या, आणि गुठळ्यांभोवती पिवळट पाणी सुटलं.

"अगंबाई, नासलं!" आत्या पुढे आल्या. "ढवळलं कुणी?"

"मी."

"तरीच. एकाच बाजूनं ढवळायचं असतं गं."

त्या क्षणी सगळं तिथंच टाकून सरळ घरी जावं असं वाटलं. पण टोपलीत निम्मी संत्री अजून होती. पातेल्यात पाण्याला जागा राहावी म्हणून ती मी मागे ठेवली होती. मी ती पिशवीत भरली, डाळिंब घेतलं आणि आत्यांना नमस्कार करून निघाले. मैत्रीण चपला घालत मागे धावली. रिक्षात एकदाच ती म्हणाली, "आत्या मनानं वाईट नाहीत." मी म्हटलं, "नाहीतच." तेही खरं होतं, आणि त्यामुळेच डोकं जास्त फिरत होतं.

कॉलेजच्या हॉलमध्ये बाईंनी घरून आणलेलं चिनी मातीचं पांढरं भांडं टेबलावर तयार होतं. आम्ही संत्री पिळली. ऑफिसातून चहाची थोडी साखर मागून आणली. मी व्हरांड्यातल्या मटक्यातून तांब्या भरून आणला, तर मैत्रिणीनं हात पुढे केला. "दे, मी ओतते. तुझे हात चिकट झालेत."

"नको. मी ओतते."

"अगं, सांडेल."

"मी ओतते म्हटलं ना!"

माझा आवाज हॉलभर गेला. केक कापता कापता बाई थांबल्या. मैत्रिणीनं हात मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेव्हा तिला कळलं. मी पाणी ओतलं. थोडं सांडलं.

मुली आल्या, पेले भरून घेऊन गेल्या. माझं लक्ष फक्त एकीकडे होतं. मैत्रिणीनं पेला घेतला आणि ती बोलत बसली. औरंगाबादचं घर, तिथलं कॉलेज, सामान कसं न्यायचं. पेला हातात, पेला ओठांपर्यंत, पुन्हा खाली. कुणीतरी विचारलं, पंच कसं झालंय? "मस्त!" ती म्हणाली. पेला काठोकाठ भरलेला.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "पी."

"पिते ना गं. घाई काय आहे?"

"मघापासून बोलतेयस. आधी पी."

ती लाल झाली. मग तिनं पेला वर केला आणि मध्ये न थांबता सगळा संपवला. डाळिंबाचे दाणे तळाशी राहिले होते, ते बोटानं काढून खाल्ले. तोंड थोडं वाकडं करून म्हणाली, "साखर कमी आहे."

आणि मला पुन्हा राग आला, कारण साखर खरंच कमी होती. चांगली सगळी साखर बरकतपुऱ्यात नासक्या दुधात गेली होती.

घरी दादा वाट पाहत होते, पण तसं दाखवत नव्हते. मी हातपाय धुऊन जेवायला बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "मग? तुझी मैत्रीन काय म्हनली?"

"साखर कमी आहे म्हणाली."

दादांनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "म्हंजे प्याली."

"प्यायली. पण दादा, साखर खरंच कमी होती."

"बरं," ते म्हणाले आणि आईकडे बघून हसायला लागले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.