व्हर्ना प्रुइटची 'मनातली' विनंती

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या त्या लहानशा गावात चर्चच्या मुलांनी कोणता सिनेमा बघायचा, हे व्हर्ना प्रुइट ठरवायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी हौसेने वही काढली आणि काम गळ्यात पडलं. आधी सिनेमा एकटीने बघायचा, शिव्या मोजायच्या, चुंबनं मोजायची, खाली 'चालेल' किंवा 'नको' लिहून सही करायची. आईबापांचा बायबलखालोखाल त्या वहीवर विश्वास होता.

घरची गोष्ट मात्र त्या वहीत नव्हती. तिची मुलगी मार्ला वर्षभर सेंट लुईसला एका तरुणाबरोबर बिनलग्नाची राहत होती. बुधवारच्या प्रार्थनेत ज्याला आपलं दुःख उघड करायचं नसेल, त्याने हात वर करून नुसतं 'मनातली' म्हणायचं. मग काही न विचारता सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करत. व्हर्ना वर्षभर दर बुधवारी हात वर करत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता मार्लाला दिवस गेले होते. "ईस्टरला चर्चमध्ये येऊ ना, मॉम?" तिने फोनवर विचारलं होतं, आणि 'बघू' म्हणत व्हर्नाने फोन ठेवला होता.

ईस्टरला दाखवायच्या सिनेमासाठी बैठक भरली तेव्हा तीन मुलींचा बाप ड्वेन हॅकेट तावातावाने फोनवरची बातमी दाखवत आला.

"हा सिनेमात येशूच्या बापाचं, योसेफाचं काम करणारा नट बघा. बायको टाकली, दुसरीबरोबर राहतो, पोरही झालंय. आणि हा आमच्या पोरींना पवित्र कुटुंब दाखवणार?"

"तुझ्या ट्रकचा मेकॅनिक कुणाबरोबर राहतो, विचारलंस कधी?" शेली टकर म्हणाली. शेलीच रविवारी मुलांची गाणी बसवायची.

"मेकॅनिकचे फोटो पोरी भिंतीवर लावत नाहीत, बाई." सगळे हसले. "व्हर्नाबाई, तुमची सही आहे. बोला."

व्हर्नाने वही मिटली. मग ती बोलली. "घर बघून माणसाचं काम टाकायचं असेल, तर रविवारी मुलं ज्या सीडीच्या साथीने गातात तीही टाका. त्यातला आवाज माझ्या मार्लाचा आहे. तीही तशीच राहते. तिलाही दिवस गेलेत."

शेलीने तिचा हात धरला. ड्वेनसुद्धा वरमला. सिनेमा ठेवायचा ठरला. नाहीतरी आमंत्रणं गावभर गेली होती. सीडीचं कुणी नाव काढलं नाही, आणि व्हर्नाला वाटलं, सुटले.

रविवारी मुलं सीडीऐवजी पियानोच्या साथीने गायली. दुसऱ्या कडव्याला, जिथे मार्लाचा आवाज त्यांना उचलून घ्यायचा, तिथे मुलं अडखळली.

"जुनी सीडी अडकत होती गं," शेली कुजबुजली.

गुरुवारी हॉल झाडताना व्हर्नाने तीच सीडी लावली होती, आणि ती शेवटपर्यंत स्वच्छ वाजली होती. परक्या नटाला माफी मिळाली, आणि ह्यांच्याच मांडीवर वाढलेल्या पोरीला दार दाखवलं. व्हर्नाला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. वर्षभर तिने तरी दुसरं काय केलं होतं?

बुधवारी तिने हात वर केला. पास्टर जेन्ट्रींनी सवयीने मान हलवली. "व्हर्नाबाई, मनातली," म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळलेसुद्धा.

"नाही, पास्टर," ती म्हणाली. "मार्लासाठी. नाव घेऊन करा. ईस्टरला ती येतेय, माझ्या शेजारी बसेल."

हे मार्लाला अजून सांगायचं होतं. प्रार्थना संपायची वाट न बघता व्हर्ना फोन करायला बाहेर गेली.